आडून बोललेलं

दुपारी तीनच्या सुमाराला वकिलांचा पांढरा शर्ट अर्धवट इस्त्री होऊन टेबलावर पडला होता आणि दादा दुकानात नव्हता. इस्त्रीचं बटण त्याने बंद केलं होतं, वायर नीट गुंडाळून ठेवली होती. चपला मात्र टेबलाखाली तशाच होत्या. म्हणजे तो अनवाणी गेला होता.

त्याच्या बहिणीला सगळे भिंगरी म्हणत. खरं नाव फक्त लॉन्ड्रीच्या परवान्यावर उरलं होतं. पुढे काउंटरवर ती, मागे इस्त्रीच्या टेबलाशी दादा, असं सोळा वर्षं चाललं होतं. नवरा गेल्यालाही नऊ वर्षं झाली होती. कपडे घेणं, नंबराच्या चिठ्ठ्या टाचणं, डाग उजेडात धरून बघणं, गिऱ्हाइकांशी दोन शब्द बोलणं हे तिचं काम. दादाने फक्त इस्त्री करायची. त्याच्या हातची बाहीची घडी अशी पडे की लोक तीन रस्ते ओलांडून कपडे घेऊन येत. पण गिऱ्हाइकाशी त्याने बोलायचं नाही, असा दोघांमधला अलिखित करार होता.

दादा बावीस वर्षांचा असताना छापखान्यात कामाला होता. तिथले सगळे आपल्यालाच हसतात, मशिनच्या आवाजातून आपलंच नाव घेतात, असं त्याला वाटू लागलं. दोन महिने इस्पितळात काढावे लागले. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया हा शब्द सांगितला आणि घरात तो पुन्हा कुणी उच्चारला नाही. गोळ्या लागू पडल्या. आवाज थांबले. मात्र माणसांशी त्याची गाठ काही नीट बसेना. कोण थट्टा करतंय, कोण रागावलंय, कोण नुसतं काहीतरी बोलायचं म्हणून बोलतंय, यात तो चुकायचा. बाकी हिशोब, वेळ, गोळ्या, कापडाची पारख, कशातच चूक नाही.

आणि त्या दिवशी तर भिंगरी बँकेत गेली होती. जेमतेम अर्धा तास.

तिने शटर ओढलं आणि निघाली. आधी बागेतलं नळाजवळचं बाकडं, मग बसचा थांबा, मग जुन्या छापखान्याची गल्ली, जिथे आता टायरचं गोदाम होतं. पायाखाली डांबर तापलेलं होतं आणि तिला प्रत्येक पावलाला दादाचे उघडे तळवे आठवत होते. दुकानाशी परत आली तेव्हा शेजारच्या चष्मेवाल्याने हाक मारून सांगितलं, "वकीलसाहेब येऊन गेले मगाशी. काहीतरी बोलले त्याच्याशी."

तिने वकिलांना फोन लावला. गृहस्थ साठीचे, स्वभावाने गोड, जिभेने खट्याळ.

"अहो, मी काय बोलणार?" ते म्हणाले. "नेहमीचंच. म्हटलं, कॉलरचा पिवळेपणा राहिला तर तुला कोर्टात उभं करीन हं. हसलो आणि निघालो."

भिंगरीने फोन ठेवला आणि रिक्षा केली.

दादा कोर्टाच्या व्हरांड्यात, सात नंबरच्या खोलीबाहेर, बाकाच्या अगदी टोकाला बसला होता. हात मांडीवर, पाठ ताठ, पाय धुळीने माखलेले. शिपायाने सांगितलं, "केव्हाचे बसलेत. कुठली केस म्हणून विचारलं तर म्हणाले, कॉलरची."

ती त्याच्या शेजारी बसली. धाप लागली होती.

"दादा, इथे कशाला आलास?"

"पिवळेपणा गेला नाही," तो म्हणाला. "दोनदा घासलं. घाम जुना आहे, तो जाणारच नाही. मग म्हटलं, ते बोलवायच्या आधी आपणच यावं. तुला त्रास नको."

"ते थट्टा करत होते रे."

दादाने तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं, ओळख पटवून घ्यावी तसं. "कशावरून?" त्याने विचारलं.

हसले म्हणून, असं भिंगरी म्हणणार होती. पण लोक राग आला तरी हसतात, लाज वाटली तरी हसतात, कुणाला बुडवायचं असलं तरी हसतात. ती नुसतंच म्हणाली, "चल, पाय भाजले असतील."

दुसऱ्या दिवशी ती त्याला नेहमीच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. गोळ्या बदलायची गरज नाही म्हणाल्या. आजार उलटलेला नाही, हा आजाराचाच दुसरा भाग आहे, जो गोळ्यांना दाद देत नाही. मग त्यांनी एका अभ्यासाबद्दल सांगितलं. इस्पितळात काही वर्षं चालणार होता. दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्याची जी हातोटी असते, ती या आजारात का कमी पडते, आणि त्यात रक्तातून आलेला वाटा किती, हे शोधायचं होतं. त्यासाठी रुग्णांबरोबर त्यांची धडधाकट भावंडंही हवी होती.

"थोडं रक्त, आणि दोन तास प्रश्नोत्तरं," बाई म्हणाल्या. "विचार करून सांगा."

भिंगरीने विचार केला नसता. दुकान बंद ठेवून दोन तास कोण बसणार. पण त्याच संध्याकाळी लेकीचा फोन आला. लेक दुसऱ्या शहरात जमीन मोजणीचं शिक्षण घेत होती. कोर्टाची हकिकत ऐकून आधी ती हसली आणि मग तिने विचारलं, "आई, मामाचं हे मला येऊ शकतं का?"

"काहीतरीच काय," भिंगरी म्हणाली आणि विषय बदलला. पण फोन ठेवल्यावर तिने धुतलेलीच भांडी पुन्हा धुतली. लेक तेव्हा एकोणीस वर्षांची होती. दादाला त्रास सुरू झाला तो बावीसाव्या वर्षी. मधली तीन वर्षं ती बोटांवर मोजत राहिली.

आठवड्याभरात ती इस्पितळात गेली. प्रश्नोत्तरं घेणारी मुलगी तरुण होती, केस घट्ट बांधलेले, हातात पेन्सिल. ती छोटे छोटे प्रसंग वाचून दाखवायची आणि विचारायची, यातल्या माणसाला खरं काय म्हणायचंय?

"एक बाई बाहेरून येते. खिडकी बंद आहे. ती नवऱ्याला म्हणते, केवढं उकडतंय इथे. तिला काय म्हणायचंय?"

"खिडकी उघड," भिंगरी म्हणाली. सोपं होतं.

पुढचे प्रसंग तितके सोपे नव्हते. एक मित्र दुसऱ्याला म्हणतो, तुझी सायकल किती छान आहे, मला आज कितीतरी चालायचंय. भिंगरीला वाटलं तो कौतुक करतोय. मुलीने कागदावर काहीतरी खूण केली, आणि भिंगरीला खूण करण्याच्या आवाजावरूनच कळलं की चुकलं. मग चेहऱ्यांची छायाचित्रं आली, एकामागोमाग एक. ही बाई दुःखी आहे, हा घाबरलाय, हा रागावलाय, हीसुद्धा रागावली आहे, हासुद्धा. सातव्या की आठव्या रागावलेल्या चेहऱ्याला तिला स्वतःचीच शंका आली.

"हा रागावलेलाच आहे ना?"

"बरोबर-चूक आम्हाला सांगता येत नाही," मुलगी म्हणाली.

"तुम्ही माझ्यावर रागावलात का?"

मुलीने पेन्सिल खाली ठेवली. "नाही हो. माझा चेहराच असा आहे."

त्यानंतरचे पंधरा दिवस भिंगरीला कुठे टेकवेना. सोळा वर्षं आपण काउंटरवर उभे आहोत, माणूस दारातून आत येताच ओळखतो, असा तिचा समज होता. आता ती प्रत्येक चेहरा उलटसुलट करून बघू लागली, डाग उजेडात धरावा तसा. एका गिऱ्हाइकाला तिने सरळ विचारलं, "तुम्ही चिडलात का?" तो म्हणाला, "नव्हतो. पण तिसऱ्यांदा विचारताय, म्हणून आता चिडलोय." चिठ्ठ्यांचे नंबर चुकले. एका बाईंची रेशमी ओढणी दुसऱ्याच घरी गेली आणि ती परत आणायला दोन खेपा पडल्या. ताटावर बसली तरी मध्येच उठायची. लेकीचे जुने फोटो काढून तिने सगळे पलंगावर पसरले. पाच वर्षांची लेक, वाढदिवसाला टोपी घालून, कॅमेऱ्याकडे न बघता भलतीकडेच बघणारी. हे काही असेल का? की सगळीच मुलं भलतीकडे बघतात?

दादा हे सगळं बघत होता. एका दुपारी इस्त्री उभी करून त्याने विचारलं, "तू आजारी आहेस का?"

"नाही."

"मग इकडून तिकडे का करतेस? मला कळत नाही. सांगितलंस तर कळेल."

तिने सांगितलं नाही. दुकान त्याच्यावर सोपवून ती डॉक्टरबाईंकडे गेली.

"मला माझा निकाल हवा," ती म्हणाली. "आणि माझ्या मुलीचं काय ते सांगा."

बाईंनी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही. तेव्हा बाई स्वतःच उठून टेबलाच्या अलीकडे आल्या.

"एकेकट्याचा निकाल आम्ही देत नाही, कारण एकेकट्यावरून काही ठरतच नाही. एकच जनुक असतं, तर हो किंवा नाही म्हणता आलं असतं. इथे शेकडो, कदाचित हजारो बारीक फरक आहेत. एकेकाचा वाटा चिमटीत मावेल एवढा. त्यातले काही या आजाराकडे झुकवतात, काही माणसं ओळखण्याच्या हातोटीवर परिणाम करतात, काही दोन्हीवर करत असावेत. आजार नसलेल्या भावंडांमध्येही ही हातोटी जरा कमी दिसते, पण ती सरासरी झाली. सगळ्यांत दिसत नाही. आणि चेहरे ओळखण्यात चुकणारे कितीतरी लोक जन्मात कधी आजारी पडत नाहीत."

"आणि मुलगी?"

"साधारण शंभर माणसांत एकाला हा आजार होतो. मामाला असेल तर भाचीच्या बाबतीत शंभरात तीन-चार. म्हणजे शहाण्णव जणींना होत नाही."

"खाण तशी माती म्हणतात," भिंगरी म्हणाली.

"म्हण अगदीच खोटी नाही. पण मातीत पुढे काय पेरलं जातं, पाणी किती मिळतं, हे म्हण सांगत नाही." बाईंनी कागद चाळले. "आईवडिलांपैकी कोणी आहे का? त्यांचं रक्त मिळालं तर आम्हाला फार उपयोग होईल."

"आई आहे. पण ती यायची नाही. ती माणूसघाणी आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे कुणाकडे जात नाही. कुणी काही बोललं की नुसती बघत राहते. लोक म्हणतात, घमेंडखोर आहे. आम्हालासुद्धा कधी..." भिंगरी थांबली. खोलीतला पंखा फिरत होता. भिंगरीने पर्स उचलली आणि निरोपही न घेता बाहेर पडली.

आई दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहायची, स्वतःच्या हट्टाने. चौऱ्याहत्तर वर्षांची, काटक. भिंगरी महिन्यातून एकदा जायची, सामान ठेवायची, परत यायची. दोघींमध्ये एक जुनी अढी होती. नवरा गेला त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. आई आली, दारात उभी राहिली, रडणाऱ्या लेकीकडे बघितलं आणि विचारलं, "सिलिंडर संपलाय का?" मग निघून गेली. नऊ वर्षं झाली तरी तो प्रश्न भिंगरी विसरली नव्हती.

ती पोचली तेव्हा आई शेंगा सोलत होती.

"आज महिना झालेला नाही," आई म्हणाली.

"काम आहे. आई, तुला लोकांचे चेहरे कळतात का?"

दुसरी एखादी बाई म्हणाली असती, हा काय प्रश्न. आईने शेंग खाली ठेवली आणि खरोखर विचार केला.

"ओळखीचे कळतात. म्हणजे पाठ आहेत. तुझे बाबा रागावले की कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. तू रागावलीस की दारं आपटतेस. अनोळखी माणसाचं काही कळत नाही."

"कधीपासून?"

"नेहमीच. लग्न होऊन आले तेव्हा फार हाल झाले. सासरी सगळ्या आडून बोलायच्या. लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, तसं. मला लेकीला बोललेलंही कळायचं नाही आणि सुनेला लागलंय हेही नाही. दोन वर्षांनी धाकट्या जावेने सांगितलं की ते सगळं तुलाच होतं." आई हसली नाही. "मग मी रीत बसवली. चारजणी हसल्या की मनात तीनपर्यंत मोजायचं आणि मग हसायचं. कुणी खूप वेळ गप्प बसलं की पाणी आणून द्यायचं. त्याने बरंच निभावलं."

भिंगरी उभीच होती. ती खिडकीशी गेली, परत आली.

"माझ्या घरी आली होतीस. त्या दिवशी. सिलिंडरचं विचारलंस आणि गेलीस."

"तू रडत होतीस ते दिसलं. पुढे काय करायचं ते कळेना. घरात पन्नास माणसं, चहा ठेवलेला आणि शेगडी पेटत नव्हती. तेवढं मला कळत होतं. म्हणून गेले आणि सिलिंडर पाठवला."

सिलिंडर आला होता. भिंगरीला आठवलं. तो चुलत दिराने पाठवला असं तिने इतकी वर्षं गृहीत धरलं होतं, त्याचे आभारही मानले होते, आणि त्या गृहस्थाने ते निमूट घेतलेही होते.

ती खाली बसली आणि शेंगा सोलू लागली. सोलता सोलता तिने अभ्यासाचं सांगितलं, रक्ताचं, बारीक फरकांचं, शंभरात तीन-चारांचं. आई ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "म्हणजे दादाला हे माझ्यातून गेलं."

"असं नाही म्हणत त्या. बाबांकडूनही आलं असेल. पुष्कळसं तर कुणाकडूनच येत नाही. पोटात असताना, जन्माच्या वेळी, नंतरही कितीतरी गोष्टी..."

"आडून बोलू नकोस. मला कळत नाही."

भिंगरीच्या हातातली शेंग तशीच राहिली. उठून जावं, दुकानाचं निमित्त सांगावं, असं तिला फार वाटलं.

"हो," ती म्हणाली. "थोडं तुझ्यातून गेलं असेल. माझ्यातही असेल. नक्की किती ते कुणालाच सांगता येत नाही."

आईने मान हलवली. टरफलं एका बाजूला केली. नंतर पदराने डोळे पुसले, पण ते कशामुळे, हे भिंगरीला ओळखता आलं नाही आणि तिने विचारलंही नाही. तिने उठून पाणी आणून दिलं.

"त्याला माझ्या रिती शिकवायला हव्या होत्या," पाणी पिऊन आई म्हणाली. "मला वाटलं, मुलगा आहे, त्याला कशाला लागतील." आणि थोड्या वेळाने, "रक्त उपाशीपोटी द्यायचं असतं का?"

तिघं इस्पितळात गेली त्या सकाळी आईने ठेवणीतली साडी नेसली होती. तिची प्रश्नोत्तरं दार अर्धवट उघडं ठेवूनच झाली, कारण बंद खोलीत तिला गुदमरायचं. प्रश्न विचारणाऱ्या मुलीने उकाड्याचा आणि खिडकीचा प्रसंग वाचला तसा आईचा आवाज बाहेर ऐकू आला, "मग खिडकी उघड म्हणायला तिला तोंड नाही का?" बाहेर दादा एक क्षण थांबला आणि मग हसू लागला. भिंगरीने त्याला इतकं मोकळं हसताना कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

त्या रविवारी तिने लेकीला फोन केला. काहीतरीच काय, असं म्हटलं होतं ते चूक होतं, म्हणाली, आणि डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं ते शब्दन् शब्द सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. ती शांतता कसली हे तिला समजेना.

"तू रडतेस का?" तिने सरळ विचारलं.

"नाही. विचार करतेय," लेक म्हणाली. "शहाण्णव जणींना होत नाही म्हणालीस ना? आणि झालंच काही वेगळं, तर ओळखायचं कसं?"

"झोप उडाली, लोक आपल्याबद्दल बोलताहेत असं वाटलं, की लगेच मला सांगायचं. मामाला कुणी विचारलंच नव्हतं. वर्ष वाया गेलं त्याचं."

"सांगेन. तूही विचारत जा. पण रोज नको."

वकिलांना भिंगरीने काउंटरवर थांबवून सगळं समजावलं. ते ओशाळले. तेव्हापासून ते दारातूनच ओरडतात, "आता मी थट्टा करणार आहे," आणि मग थट्टा करतात. त्यातली गंमत निघून जाते, पण दादा कामातून मान वर करून ऐकतो. इतरांना तो स्वतःच विचारतो, "हे खरं, की थट्टा?" बहुतेक जण सांगतात. एक शाळामास्तर मात्र वैतागले आणि समोरच्या लॉन्ड्रीत जाऊ लागले. आई आठवड्यातून दोन दुपारी दुकानात येऊन बसते. दादाला रिती सांगते. तीनपर्यंत मोजायची रीत त्याला जमत नाही, तो पाचापर्यंत जातो.

अडीच वर्षांनी इस्पितळाचं पत्र आलं. बाराशेहून जास्त माणसांचं रक्त आणि उत्तरं मिळून जनुकांतल्या काही खुणा सापडल्या होत्या, आणखी माणसं तपासावी लागणार होती, सहभागाबद्दल आभार. भिंगरीने ते काउंटरवर उभ्या उभ्या वाचलं, मग मोठ्याने वाचलं.

"यात आपण कुठे आहोत?" दादाने विचारलं.

"कुठेच नाही. सगळ्यांबरोबर आहोत."

"म्हणजे आपलं काही कळलं नाही."

"नाही."

दादाने शर्ट उलटा केला आणि बाहीला हात घातला. भिंगरीने पत्र पावत्यांच्या खणात ठेवलं, पुन्हा काढलं, घडी घालून पर्समध्ये टाकलं. लेक तेव्हा बावीसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होती. आठवड्यातून एकदा विचारायचं ठरलं होतं आणि तो दिवस उद्या होता. तिने फोन हातात घेतला, खाली ठेवला, दोन गिऱ्हाइकांचे कपडे घेतले, त्यांच्या चिठ्ठ्या टाचल्या, आणि मग लावलाच.

"आज विचारायचा दिवस नाही," लेक पलीकडून म्हणाली.

"माहितीये. पण मला राहवलं नाही."

"बरी आहे मी, आई. झोपते, जेवते, शेतातून मोजपट्टी ओढत फिरते. तू बरी आहेस का?"

"नाही," भिंगरी म्हणाली. "पण दुकान उघडं आहे. उद्या पुन्हा करते."